लोंबतं टोक

१३ ऑक्टोबर, रविवार

पाच आठवडे! तेवीस वर्षं हे जाळं ज्याने स्वतःच्या हाताने विणलं, त्याने आता पाच आठवड्यांत परीक्षा द्यायची. नाही तर घरी बसायचं.

नव्या मालकांची नोटीस हजेरीच्या घड्याळाखाली चिकटवली आहे. शीतगृहातलं नेटवर्कचं काम यापुढे फक्त सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे राहील. मॅडम नशवा म्हणून एक नवी बाई त्यांनी माणसांचं बघायला पाठवली आहे. तिला म्हटलं, या सहा खोल्यांतली एकेक तार मी ओढली आहे, भिंतीत कुठे वळते ते झोपेत सांगेन. ती गोड हसली. "उस्ता लुत्फी, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदरच आहे. पण आदर फाइलला लावता येत नाही ना."

हे एक "उस्ता"! गवंडी उस्ता, मायक्रोबसवाला उस्ता, आणि मीही उस्ता. कालचा पोरगा कागद घेऊन आला की तो मात्र "बाशमुहंदिस", मोठा इंजिनियर. उंटावरचे शहाणे लेकाचे.

चोपन्न वय झालं. साठीपर्यंत टिकलो तर पेन्शन. लेकीचं, ईनासचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. बायको असती तर म्हणाली असती, देऊन टाक परीक्षा, तोंड वाकडं करू नकोस.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तारेला कळतं हात कुणाचा आहे. तिने कधी कुणाचं सर्टिफिकेट विचारलेलं नाही!

१६ ऑक्टोबर, बुधवार

रमल स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रश्नांचा गठ्ठा आणला. चारशे प्रश्न, मागे उत्तरं. सगळे हाच घोकतात, म्हणे. समजून कुणी घेत नाही. हे असले कागदी घोडे नाचवूनच ते बाशमुहंदिस होतात.

सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी डब्यांवरच्या अक्षरांपुरतं — ऑन, ऑफ, एरर. म्हणून ठरलं असं, की सकाळी फूलची उसळ आणि ताअमियाचे वडे खाता खाता ईनास प्रश्न वाचणार, आपल्या भाषेत सांगणार, मी उत्तर देणार. आज वीस झाले. नऊ बरोबर. अकरा चुकले, पण त्यातले सहा तरी पुस्तकाचे चुकले आहेत, माझे नाहीत. तसं मी ईनासला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मार्क पुस्तक देणार आहे."

२० ऑक्टोबर, रविवार

बिघाड कसा काढायचा याच्या पुस्तकात सहा पायऱ्या आहेत. दोष ओळखा, कारण शोधा, तपासा, दुरुस्त करा, पुन्हा बघा. इथपर्यंत ठीक. सहावी — काय झालं, का झालं, ते लिहून ठेवा.

मी मोठ्याने हसलो. तेवीस वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. माझं दप्तर माझ्या डोक्यात. ईनास म्हणाली, "डोकं दुसऱ्याला वाचता येत नाही, बाबा." मी म्हटलं, म्हणून तर तेवीस वर्षं टिकलो!

या वहीचं तिला माहीत नाही. डॉक्टरने रक्तदाबाचे आकडे लिहायला दिली होती. आकडा एकही लिहिला नाही. शर्टाच्या खिशात मावते, पेन्सिलीचा तुकडा सोबत राहतो, म्हणून हे उद्योग.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सफाईवाली उम्म हाशिम आज तारांच्या खोलीत चहा घेऊन आली, फडकं मारून गेली. ती आमच्या स्विचला चोवीस भोकांची चाळण म्हणते. सहाही खोल्यांच्या तारा या एका डब्यात येतात. वजनकाटा, तापमान, मदतीचं बटण, सगळ्यांचे निरोप इथून जातात. मी तिला पहिल्यापासून एकच शिकवलंय — या खोलीत पसारा नको. तार लोंबत असलेली मला खपत नाही. ती हे सगळ्यांना ऐकवत फिरते. "आमचे उस्ता म्हणतात, लोंबतं टोक म्हणजे अनाथ लेकरू. दिसलं की घरात घ्यावं."

पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं. आज चहा अर्धा ठेवून उठलो.

२७ ऑक्टोबर, रविवार

नीट लिहून काढतो. नाही तर उद्या मलाच वाटेल की मी स्वप्न पाहिलं.

सकाळचे सात वाजले होते. बाहेर ट्रामची घंटा. ईनासच्या एका हातात पाव, दुसऱ्यात गठ्ठा. प्रश्न दोनशे अकरा झाला. तो मला आला. मग तिने पान उलटलं आणि दोनशे बारा वाचायला घेतला. वाचताना तिचा आवाज सपाट झाला. पाढे म्हणावेत तसा.

"एका बंदराच्या गावात शीतगृह आहे. त्यात सहा खोल्या. स्विचवरचा पहारा बंद केलेला आहे. तारेचं एक लोंबतं टोक कुणीतरी रिकाम्या भोकात खोचतं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खोली चारमध्ये अडकलेला माणूस मदतीचं बटण दाबतो. सतरा वेळा दाबतो. दार कार्डाने उघडणारं आहे, ते उघडत नाही. त्याच्या चष्म्यावर बर्फ धरलं आहे. हे कशाने टळलं असतं? अ, जास्त वेगाचा स्विच. ब, नव्या तारा. क, अधिक अनुभवी माणूस. ड, मागच्या वेळी काय झालं ते लिहून ठेवणे."

ती म्हणाली, "बोला ना." मी म्हटलं, क. तिने मागची पानं चाळली.

"चूक. ड."

मग स्वतःच्या आवाजात — "चहा ओतू?"

२८ ऑक्टोबर, सोमवार

तिला पुन्हा वाचायला लावलं. तेच वाचलं. विचारलं, मनाचं तर सांगत नाहीस? ती रागावली. पान माझ्यापुढे आदळलं. अक्षरं मला लागत नाहीत, पण आकडे लागतात. ६ आहे. ४ आहे. २:१० आहे. १७ आहे.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जगात सहा खोल्यांची शीतगृहं शंभर असतील.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

लिहितो. हे पान फाडून टाकता येईल.

सात वर्षांपूर्वी बाशमुहंदिस वगीह नसीम आमच्याकडे आला. सव्वीस वर्षांचा पोरगा. फाइलमध्ये दोन सर्टिफिकेटं. आल्या आल्या त्याने स्विचवर पहारा लावला. एखाद्या तारेची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये गेली, तर निरोप गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात, आणि खऱ्या निरोपांना जागाच उरत नाही. पहारेकरी तसं टोक ओळखतो आणि दार लावून घेतो. पण त्यासाठी तो प्रत्येक टोकाला अर्धा मिनिट थांबवतो. वीज जाऊन आली की वजनकाटा अर्धा मिनिट मुका. बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवायचे, मला शिव्या घालायचे. मी सोळा वर्षांचा जुना माणूस. वगीह जेवायला गेला तेव्हा मी पहारा बंद करून टाकला. परवलीचा शब्द आमचा एकच होता, त्याच्या नावाचा. तो मला त्याने स्वतः विश्वासाने दिला होता.

तीन दिवसांनी तारांच्या खोलीत एक टोक लोंबताना दिसलं. मी खोचलं. दुसरं टोक कुठे जातं ते पाहिलं नाही. हाताला सवय!

त्या दुपारी आमच्या मालखात्यातला शहाताकाका खोली दोनमध्ये गोठवलेल्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या मोजत होता. दाराची आतली मूठ बर्फाने घट्ट बसली होती. आत मोबाइल म्हणजे दगड, पत्र्याच्या भिंती आहेत. त्याने मदतीचं बटण दाबलं असणार. निरोप आला नाही. सगळं ठप्प झालं म्हणून मी तारा चाचपत बसलो, माझं टोक मला सापडलं, मी ते उपटलं, जाळं चालू झालं. तोपर्यंत एक तास चाळीस मिनिटं गेली होती. दार उघडलं तेव्हा तो दाराशी बसला होता, हात बटणाकडे. मी त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलो होतो.

चौकशीला तीन माणसं बसली. मला म्हणाले, उस्ता, तुम्ही जुने, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, "सोळा वर्षं हे जाळं सांभाळतोय. असं कधी झालं नाही. नवं काही केलं असेल तर यांनीच केलं." यात एक अक्षर खोटं नाही. म्हणून तर सात वर्षं झोप लागली. नोंदीत पहारा बंद केल्याची वेळ होती आणि नाव होतं वगीहचं. पोरगा शपथा घेत राहिला की मी तो चालूच ठेवला होता. त्यांनी अनुभवाचं ऐकलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना.

३ नोव्हेंबर, रविवार

आज खोली दोनमधल्या मदतीच्या बटणाचा डबा उघडला. जुना डबा आहे, आत दाबल्याची मोजणी राहते. इतक्या वर्षांत कुणी पाहिली नाही. चौकशीवाल्यांनीही नाही. नंतर त्या खोलीत बटण कुणी दाबलेलं नाही, तिथे लोक बटणाकडे बघतही नाहीत.

अकरा.

सतरा नाही, अकरा! मी पेटीवर बसलो. आधी सुटल्यासारखं वाटलं. प्रश्नातली खोली चार, आपली दोन. प्रश्नातलं दार कार्डाचं, आपली दारं मुठीची. प्रश्नातल्या माणसाला चष्मा आहे, शहाताकाकाला तर मरेपर्यंत जहाजाचं नाव धक्क्यावरून वाचता यायचं. काही जुळत नाही! तो प्रश्न आपला नाही. कुणीतरी आपला बसल्या बसल्या बनवलेला.

मग ते अकरा डोळ्यांपुढे आले. एक, दोन, तीन. दर वेळी थांबून वाट पाहिली असेल, की आता उस्ता येईल. मी रडलो. सात वर्षांत पहिल्यांदा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याजवळचा गठ्ठा मागितला. दोनशे बारा काढायला लावला, त्याच्या मुलाकडून वाचून घेतला. भलताच निघाला, नेटवर्कवरच्या यंत्रांच्या पत्त्यांच्या गणिताचा. म्हटलं, माझ्या गठ्ठ्यात वेगळा आहे. तो म्हणाला, "अहो हाजी, मूळ प्रत एकच आहे. यंत्र नक्कल करतं, गोष्टी रचत नाही."

घरी येऊन माझं पान पाहिलं. १७ तिथेच होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ईनासने चष्म्याच्या दुकानात ओढत नेलं. परीक्षेत पडदा दिसायला हवा म्हणे. आता आरशात माझा थोरला भाऊ दिसतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

मक्नसा आलं. दर वर्षी याच सुमाराला येणारं वादळ, समुद्र झाडू मारल्यासारखा रस्त्यावर येतो. भिजत परीक्षा केंद्रावर पोचलो. टेबलामागे जो माणूस ओळखपत्रं तपासत होता, तो वगीह होता.

केस पांढरे झालेत. तेहेतीसचा असेल. मला वाटलं जमीन दुभंगावी. तो उठून उभा राहिला, मोठ्यांसाठी राहतात तसा.

"उस्ता लुत्फी! चष्मा लागला?"

"परीक्षेपुरता."

घड्याळ, मोबाइल, खिशातलं सगळं काढून ठेवायचा नियम आहे. मी काढलं. ही वहीसुद्धा! त्याने ती हातात घेतली, आणि विचारलं, यात काय? मी म्हटलं, रक्तदाब. त्याने न उघडता खणात ठेवली आणि किल्ली मला दिली. दोन तास ती वही आणि तो माणूस एका खोलीत होते.

प्रश्न घोकलेलेच आले. आकडे पाहून, चित्रं पाहून ओळखत गेलो. अठ्ठावन्नावा पडद्यावर आला. ६. ४. २:१०. १७. मग ड दाबलं. पडद्याने पुढचा प्रश्न दाखवला.

पास झालो.

वगीहने निकाल हातात दिला. "अभिनंदन, बाशमुहंदिस." टोमणा नव्हता, तेच लागलं. मग हळू आवाजात त्याने आपलं सांगितलं. त्याच्याकडे आता चार सर्टिफिकेटं आहेत. काम कुणी देत नाही. जिथे अर्ज करतो तिथून आमच्याकडे फोन येतो, आणि फाइल सांगते की याच्यामुळे माणूस मेला. म्हणून तो परीक्षेला बसणाऱ्या इतरांची हजेरी घेतो.

"तुम्ही तिथले जुने," तो म्हणाला. "दोन ओळी लिहून द्या. मी पहारा लावला होता, एवढंच. दुसऱ्या कुणाचं नाव नको. मला कुणाचं नाव नकोच आहे."

मी म्हटलं, बुकरा, उद्या, इन्शाअल्लाह. तो हसला. आमच्याकडच्या उद्याला किती दिवस असतात ते त्यालाही माहीत आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दारावरचा पहारेकरी — "सबाह अल-खैर, बाशमुहंदिस!" वजनकाट्यावरचे — बाशमुहंदिस! मॅडम नशवाने सगळ्यांना बसबूसा मिठाई वाटली. तेवीस वर्षं कान याच शब्दासाठी उपाशी होते, हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली आणि गोडही लागलं. उम्म हाशिम मात्र अजून उस्ताच म्हणते. "इंजिनियर पैशाला पासरी मिळतात," म्हणाली.

वगीहच्या दोन ओळी उद्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम नशवाने फॉर्म आणून दिला. गेल्या दहा वर्षांतले मोठे बिघाड, कारण, जबाबदार व्यक्ती. आता सर्टिफिकेटवाले तुम्हीच, तुम्हीच भरा. हा कागद कायमचा राहणार, म्हणाली. जुन्या चौकशीचा कागद रद्द, यापुढे हाच खरा.

म्हणजे इथे एक ओळ लिहिली की वगीह मोकळा! तिने मला पेन दिलं आणि फोनवर बोलत बसली. मी कारणाच्या रकान्यापाशी थांबलो. खरं लिहिलं तर आजच बाहेर. पेन्शन गेली, ईनासचं वर्ष गेलं, आणि शहाताकाकाच्या मुलीला तोंड कसं दाखवायचं. थोडं खरं लिहिलं, पहाऱ्यापुरतं, तर विचारतील मग तो बंद कुणी केला.

लिहिलं — इंजिनियरने केलेली चुकीची मांडणी. जबाबदार — वगीह नसीम. खाली सही, इंजिनियर लुत्फी शरबीनी.

अक्षर छान आलं. मॅडमने कौतुक केलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर ड होतं. मला येत होतं!

१ डिसेंबर, रविवार

नव्या मालकांनी दारं बदलली. मुठी गेल्या, कार्ड आलं. कार्ड दाखवलं की निरोप तारेने आपल्या स्विचकडे येतो, स्विच हो म्हणतो, दार उघडतं. आतून उघडायची साधी कडी बोटीने येते आहे, पुढच्या आठवड्यात बसवतील. तोपर्यंत कार्डच.

हवा बिघडते आहे, वीज दिवसातून चारदा पापणी मिटते. दर वेळी स्विचवरचा पहारेकरी, चौकशीनंतर पुन्हा लावलेला, अर्धा मिनिट थांबवतो आणि दारं आंधळी होतात. माणसं पेट्या खांद्यावर घेऊन बाहेर उभी. मॅडम नशवाचा तिसरा फोन आला, "बाशमुहंदिस, तुमच्याकडे आता सर्टिफिकेट आहे. करा ना काहीतरी."

पुस्तक म्हणतं, पहाऱ्याला हात लावू नये. तो प्रश्न मी बरोबर सोडवला होता. हात म्हणाले, दोन दिवसांचं वादळ आहे, नंतर चालू करू. बंद केला. या वेळी नाव माझंच पडलं.

दारं लगेच चालायला लागली. सगळे खूश.

५ डिसेंबर, गुरुवार

कासिम सुरू झालं. हे वादळ पाच दिवस हलत नाही. बंदर बंद, लाटा भिंतीवरून आत.

कार्डाची दारं बसवणाऱ्यांनी तारांच्या खोलीत एक जास्तीचं टोक लोंबत ठेवलं आहे. दुसरं टोक स्विचमध्येच आहे, या वेळी मी पाहिलं. कापायला चिमटा नव्हता. उम्म हाशिम फडकं घेऊन उभी होती. तिला सांगायला हवं होतं, याला हात लावू नकोस. जिभेवर आलं होतं. पण तिने विचारलं असतं, का? इतकी वर्षं तुम्हीच सांगता घरात घ्या, आता अनाथ का ठेवायचं? आणि का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं. म्हटलं, शुक्रवारच्या सुट्टीनंतर कापतो.

वगीहचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारली. ओळींचं काही बोलला नाही. मीच म्हटलं, उद्या.

८ डिसेंबर, रविवार. दुपार, सव्वादोन

खोली चार. भेंडीच्या पेट्यांचं तापमान बघायला आलो, दार मागे लागलं. कार्ड चालत नाही. बटणाचा दिवा लाल होतो, पण निरोप गोल फिरतोय, मला माहीत आहे. उम्म हाशिमने टोक आवरलं असणार. तिची चूक नाही. तिला मीच शिकवलं, आणि का नको ते सांगितलं नाही.

चष्मा बर्फाने पांढरा झाला, काढून ठेवला. बटण मोजून दाबलं. सतरा झाले. अठराव्यांदा दाबायला हात उचलवत नाही. त्यापेक्षा हे लिहितो.

सात वर्षांपूर्वी पहारा मी बंद केला. टोक मी खोचलं. शहाताकाका माझ्यामुळे गेला. वगीह नसीमने पहारा लावला होता, त्याचा काही दोष नाही.

— उस्ता लुत्फी शरबीनी